सव्वा मूठ

मशीन यायच्या आधी मशीनचा ओटा तयार झाला. चीनमधल्या विकणाऱ्या बाईने मोबाइलवर नकाशा पाठवला होता. त्याप्रमाणे गवंड्याने जळगावच्या एमआयडीसीतल्या आमच्या शेडमध्ये मधोमध सिमेंटचा ओटा घातला आणि चार कोपऱ्यांना चार बोल्ट उभे रोवले. अंगठ्याएवढे जाड, वीतभर उंच. मी सकाळ-संध्याकाळ त्यावर पाणी मारायची.

"ताई, अजून दिवस गेले नाहीत अन् तुम्ही पाळणा रंगवून ठेवला," बेबाबाई म्हणाली.

बेबाबाई पिंप्राळ्याची, माझ्याकडे पहिल्यापासून शिवणकामाला. तिच्या हातांना मी मजुरी देते. जीभ फुकट चालते.

आम्ही केळीच्या घडांना घालायच्या पिशव्या शिवतो. शेतकरी त्यांना स्कर्टिंग बॅग म्हणतात, मी पिशवीच म्हणते. थंडी पडली की केळीच्या सालीवर काळपट डाग धरतात. चरका बसला, असं म्हणतात इकडे. तसला घड व्यापारी हातात न घेता नुसता पायाने बाजूला सारतो. पिशवी घातलेली असली की घड वाचतो. म्हणजे आमचा सगळा धंदा थंडीच्या भरवशावर. डिसेंबर उजाडायच्या आत बागेत पोचली तर ती पिशवी, नंतर पोचली तर चिंधी.

दोन वर्षांपासून सुरतेच्या पिशव्या यायला लागल्या. त्यांना शिवण नसते. कापड मशीनमधून एका बाजूने आत जातं आणि दुसऱ्या बाजूने पिशवी होऊन बाहेर पडतं. दोरा नाही, सुई नाही, बेबाबाई नाही. त्यांचा दर आमच्या दराच्या खाली. मी दोरा स्वस्तातला घेऊन पाहिला, शेडचे पंखे बंद ठेवून पाहिले, चहात दूध कमी करून पाहिलं. चहाचं तर बायकांनी चांगलंच मनावर घेतलं. तरी सुरतेच्या दराला काही पोचता येईना.

रावेरच्या शेतकरी गटाचे जीवरामभाऊ तोंडावर म्हणाले, "ताई, तुमची पिशवी टिकते, मान्य. पण गटातली पोरं मोबाइलवर दर दाखवतात. सुरतेच्या दराने देता का? देत असाल तर यंदाची सगळी पिशवी तुमची."

मी हो म्हटलं. मशीन घ्यायचं ठरलं ते त्या एका हो पायी. माझ्या पाटल्या आणि ह्यांनी पीएफमधून काढलेली उचल, दोन्ही त्यात गेलं. हे म्हणजे माझे मिस्टर, एसटीत कंडक्टर. जन्मभर लोकांना सुटे पैसे परत केलेला माणूस एवढी रक्कम एकदम देताना पांढरा पडला होता.

आयात म्हणजे काय ते मला कोण शिकवणार? मी दुपारी भाकरी खाताना मोबाइल डब्याला टेकवून व्हिडिओ बघायची. त्यातल्या एका हिंदी बोलणाऱ्या पोराकडून मी एवढं शिकले की परदेशातून आणलेल्या वस्तूच्या खर्चात वस्तूची किंमत ही फक्त सुरुवात असते. जहाजाचं भाडं वेगळं. विमा वेगळा. मग ड्यूटी, ड्यूटीवर अधिभार, ह्या सगळ्याच्या डोक्यावर जीएसटी. बंदरात पेटी उचलायचे पैसे, ठेवायचे पैसे, कागद करणाऱ्याचे पैसे, शेवटी जळगावपर्यंत ट्रक. एकटं मशीन आणायचं तर दुसऱ्या कोणाच्या तरी कंटेनरमध्ये जागा भाड्याने घ्यावी लागते, आणि ती जागा आपल्याला मुंबईतल्या घरासारखी महाग पडते. मी सगळी बेरीज मांडली. मशीन परवडत होतं, ते इथवर आणणं परवडत नव्हतं.

अशात श्रावण आला आणि कानबाई बसली, आम्हा खानदेशींची घरोघरची देवी.

आमची कानबाई धुळ्याला, तोताराम नानांच्या घरी. नाना ह्यांचे चुलतभाऊ, सगळ्यांत थोरले. ह्यांचे वडील लवकर गेले तेव्हा नानांनीच ह्यांना शाळेत घातलं, नोकरीला चिकटवलं, माझ्यासारखी बायको करून दिली. आग्रा रोडमागच्या गल्लीत त्यांचं दुकान आहे. पिठाच्या गिरणीचे आणि मिरची कांडपाचे सुटे भाग विकतात. बेअरिंगं, पुल्या, चाळण्या, छोट्या मोटारी. पुष्कळसा माल चीनहून येतो. शिंदखेड्यापासून साक्रीपर्यंत कुठली गिरणी बंद पडली तर माणूस आधी नानांकडे येतो.

कानबाईच्या रोटांसाठी घरातल्या प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू मोजतात. नाना स्वतः पाटावर बसून मोजतात. नाव घेतात, मूठ घालतात, वर पाव मूठ. ह्यांची मूठ ते पहिल्यापासून स्वतःच्या घरात मोजतात, पोरांच्या रांगेत. बायकांची मूठ नसते. ते गहू दळायचे, त्याच्या पोळ्या लाटायच्या, हे आमच्याकडे. आणि रोट फक्त घरच्यांनी खायचे. बाहेरच्याला त्यातला घास मिळत नाही.

जेवणं झाल्यावर ह्यांनीच विषय काढला. मी पदर सावरून मोबाइल नानांपुढे धरला. जेठ-भावजयीचं अंतर आमच्यात पहिल्यापासून आहे, पण बेरीज दाखवायला ते आड आलं नाही. नानांनी चष्मा लावून सगळी बेरीज वाचली आणि ते हसून आपल्या अहिराणीत म्हणाले,

"एवढं भाडं? कसाले? मना कंटेनर दिवाळीमा येई राहिना. अर्धा रिकामा शे. तेमा टाक."

"पण नाना, तुमचा माल..."

"मना माल बारीक, तुनं मशीन मोठं. दाराशी उभं राही. भाडं मी तसंही भरीच राहिनू."

ह्यांचा चेहरा असा उजळला की मला त्यांची दया आली. तरी मी व्हिडिओतलं ऐकलेलं विचारून घेतलं, "नाना, मशीनचा कागद कोणाच्या नावाने होईल? आयातीचा सरकारी कोड तुमच्या नावाचा आहे. माझ्या नावाचा काढायला अर्ज करू का?"

नानांनी चष्मा काढून ठेवला. त्यांना लागलं होतं. स्वयंपाकघरातून पुष्पाबाई जाऊबाईंचा, म्हणजे नानांच्या बायकोचा, आवाज आला, "घ्या! आता रोट खाताना बी पावती मागा!"

सगळं घर हसलं. मीही हसले. नाना म्हणाले, "भाऊबंदकीमा कागद कसाले? मी शे ना."

त्या तीन शब्दांवर आमच्या घरातली लग्नं ठरली आहेत, मयती उरकल्या आहेत. मी मोबाइल पर्समध्ये टाकला. एका बैठकीत माझा पाऊण लाख वाचला होता. त्या पैशात मी ओटा घातला आणि उरलेल्यात कापडाचे जादा रोल घेऊन ठेवले, मशीन आलं की एक दिवस थांबायला नको म्हणून.

दिवाळीनंतर योगेंद्रचा फोन आला. योगेंद्र मूळचा पिंपळनेरचा, आता न्हावाशेवा बंदरावर माल सोडवायची कामं करतो. नानांचे कंटेनर वर्षानुवर्षं तोच सोडवतो.

"मावशी, नाना फोन उचलत नाहीत. कंटेनर तपासणीला लागला."

"म्हणजे?"

"म्हणजे कस्टमच्या साहेबांनी उघडायला लावला. एरवी कधी उघडत नाहीत आपला. कागदावर सगळे गिरणीचे सुटे भाग आहेत आणि दार उघडलं तर समोर एवढं मोठं धूड उभं."

"अरे, ते माझं मशीन."

"ते मला माहीत आहे मावशी. कागदाला नाही ना."

मी शेडच्या बाहेर येऊन उभी राहिले. समोरच्या चटईच्या कारखान्यातून रंगीत नळ्यांचे भारे चालले होते. मी विचारलं, "कागदावर मशीनचं नावच नाही?"

"नाही. मी विचारलं होतं नानांना, हे काहीतरी नवीन दिसतंय, वेगळं लिहू का? म्हणाले, नेहमीचंच टाक, घरचं शे. मग मी जास्त विचारलं नाही. नानांना काय विचारायचं?"

त्याला दोष कसा देऊ? मीही एकदाच विचारून सोडून दिलं होतं.

दुसऱ्या दिवशी ह्यांच्याच गाडीने धुळ्याला गेले. ह्यांनी मला तिकीट दिलं आणि पैसे स्वतःच्या खिशातून पेटीत टाकले. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, दोघांनी एक शब्द काढला नाही. उतरताना म्हणाले, "नानांना जास्त बोलू नकोस."

"मी कधी बोलले आहे का?"

"नाही. म्हणून तर सांगतोय."

नाना दुकानात गल्ल्यामागे बसले होते. समोर एक गिऱ्हाईक जुनी पुली घेऊन उभं होतं. त्याला नवी पुली दिली, सुटे पैसे दिले, मग मला म्हणाले, "बठ." मी स्टुलावर बसले. बराच वेळ ते एक बेअरिंग बोटांत फिरवत राहिले. त्याचा आवाज कसा येतो ते कानाजवळ धरून ऐकत होते, डॉक्टर ऐकतात तसे.

"सुलक्षणा, मी तुनं मशीन मना मालमा मोजी लिधं," ते म्हणाले.

"का पण नाना?"

"वेगळं दाखाडं तर वेगळी चौकशी. मना मालले कोणी हात लावत नही. म्हनलं, मना नावखाले निघी जाई, तुले तरास नही. ड्यूटीबी कमी बसी. तुनाच फायदा व्हता ना?"

मी तेवीस वर्षांपूर्वी ह्या घरात आले. तेव्हापासून मला कधी कोणी मोजलं नव्हतं. माझ्या मशीनला मात्र नानांनी मोजलं.

मला राग यायला हवा होता. तो मी वाटेत तयारही केला होता, पारोळ्यापर्यंत छान शिजला होता. पण समोर हा माणूस बसलेला. त्यांनी चोरी केली असती तर मी भांडले असते. त्यांनी मला घरात घेतलं होतं, त्यावर भांडायचं कसं? मी एवढंच म्हटलं, "चहा घेतला का तुम्ही?" त्यांनी मान हलवली. मी समोरच्या टपरीवरून दोन कप सांगितले.

"बठ्ठं नीट व्हई," नाना म्हणाले. "मी शे ना."

पहिल्यांदाच ते शब्द ऐकून मला धीर आला नाही.

त्यानंतर योगेंद्र रोज काहीतरी नवीन शब्द शिकवायला लागला. बंदरात कंटेनर ठेवायचे काही दिवस फुकट असतात, ते संपले. मग जागेचं भाडं सुरू झालं, त्याला डेमरेज म्हणतात. मग कंटेनर वेळेत परत दिला नाही म्हणून जहाजवाल्यांचं भाडं, ते डिटेंशन, आणि ते डॉलरमध्ये. ते रोज चढत जातं, रविवारी आणि सणालाही. माझ्या शेडचा मालक भाड्यासाठी एवढा लावून धरत नाही.

"म्हणजे माल हलत नाही, तरी भाडं धावतंय?" मी विचारलं.

"हलत नाही म्हणूनच धावतंय, मावशी."

"मग मीच येते तिथे. साहेबांना सांगते, मशीन माझं आहे, पैसे मी दिलेत, चूक नानांच्या भोळेपणाची आहे."

तो म्हणाला, "तुम्ही आलात तर दारावरच विचारतील, तुम्ही कोण? आणि काय सांगाल? एकाही कागदावर तुमचं नाव नाही. उलट नानांनी दुसऱ्याचा माल स्वतःच्या कोडवर आणला, हे तुम्हीच सांगितल्यासारखं होईल. तुम्ही घरीच थांबा."

मी घरीच थांबले. शेडमध्ये सगळ्यांनी शिवायला घेतलं, जेवढं हाताने होईल तेवढं. जादा रोल होतेच. मी स्वतः शिलाई मशीनवर बसले. बेबाबाईने बोलणं बंद केलं, तेव्हा मला खरी भीती वाटली. संध्याकाळी गठ्ठे मोजायची हिंमत होत नव्हती. हाताने शिवलेली पिशवी सुरतेच्या दराने विकायची म्हणजे प्रत्येक पिशवीमागे पदरचं घालायचं. पण जीवरामभाऊंना हो म्हटलेलं होतं.

थंडी पडली, सकाळी गार पाणी अंगावर घेताना चटका बसायला लागला. जीवरामभाऊंचा फोन आलाच.

"ताई, कुठवर आलं?"

"आता सुटेल भाऊ. आठ-दहा दिवस. तोवर शिवलेल्या पाठवते, निम्म्याला तरी पुरतील."

"निम्म्या घडांना घालू आणि निम्म्यांना काय समजावून सांगू?" ते चिडले नव्हते, तेच वाईट होतं. "थंडीला तुमच्या बंदराचं काय पडलंय ताई? काल पहाटे बागेत शेकोट्या लावल्या आम्ही. मी सुरतेला सांगून टाकलं. तुम्ही शिवल्यात तेवढ्या घेतो, त्याला नाही म्हणत नाही."

"बरं केलं भाऊ," मी म्हटलं. खरंच बरंच केलं होतं. त्यांचे घड तरी वाचले.

बायकांना सांगितलं. त्यांनी हातातल्या पिशव्या पुऱ्या केल्या. बेबाबाई ओट्याशी गेली आणि तिने आपली डब्याची पिशवी एका बोल्टला अडकवली. "एवढ्या कामाला तरी आला," म्हणाली.

मग बंदरातून निकाल आला. योगेंद्रने नीट समजावून सांगितलं. खोट्या नावाने आणलेलं मशीन हवं असेल तर सोडवणुकीचा दंड भरा, ड्यूटी भरा, साठलेलं भाडं भरा. हे सगळं मिळून मशीनच्या किमतीच्या वर जात होतं. मशीन नको असेल तर ते सरकारजमा होईल. नानांचा माल तेवढा वेगळा दंड भरून सुटेल, आणि भाड्याचं मीटर थांबेल. मात्र नको, असं नानांनी लिहून द्यायला हवं. कारण कोड त्यांचा.

"नाना लिहून देत नाहीत, मावशी. तुम्ही सांगा. रोज उशीर म्हणजे रोज..."

"कळलं," मी म्हटलं.

त्याच दुपारी पुष्पाबाई जाऊबाईंचा फोन आला. आवाज दबका. मागे प्रेशर कुकर शिट्या देत होता. बहुधा मुद्दामच लावला असावा.

"सुलक्षणा, तुला म्हणून सांगते. ह्यांनी दुकानाचा गाळा काढला विकायला. गिऱ्हाईक बी पाहून गेलं. म्हणतात, तिचं मशीन आणून तिच्या ओट्यावर ठेवीन मगच जेवीन धड. खातच नाहीत गं. एक पोळी पुढे करून बसतात."

"अन् गाळा गेल्यावर करतील काय?"

"मी विचारलं. म्हणे, घरीच बेअरिंगं विकीन. घरी कोण येतं बेअरिंगं घ्यायला?" मग त्या थोडं थांबल्या. "त्या दिवशी पावतीचं बोलले ना मी, रोटाच्या वेळी. हसण्यावारी बोलले गं."

"माहीत आहे मला, अक्का."

"तू कागद मागत होतीस ते बरोबर होतं."

मी फोन दुसऱ्या कानाला लावला. कुकरची शिटी झाली.

रात्री हे जेवताना म्हणाले, "नाना करताहेत तर करू दे. मशीन आलं तर पुढच्या वर्षी..." आणि वाक्य तिथेच सोडलं. भाकरीकडे बघत बसले. मशीन हवं होतं त्यांनाही. माझ्यापेक्षा जास्त हवं होतं, मी बिनपाटल्यांची बघवत नव्हते त्यांना. पण त्यांच्या नावाची मूठ ज्या हाताने मोजली त्या हाताचं दुकान. त्यांना दोन्हीकडून बोलता येईना. मग ते मीच ठरवलं.

नानांना मी शेडमध्ये बोलावून घेतलं. ह्यांनीच गाडीतून आणलं त्यांना, पहिल्या सीटवर बसवून. नाना आत आले आणि सरळ ओट्याशी गेले. एकेक बोल्ट हाताने धरून पाहिला, हलतो का.

"चांगला रोवेल शेत," म्हणाले. मग ओट्याच्या कडेला बसले. दोन महिन्यांत माणूस सदऱ्याच्या आत कमी झाला होता. "आठ दिवस. गाळाना पैसा येतस, मंग मशीन अठे."

"नाना, मला मशीन नको आता."

त्यांनी वर पाहिलं.

मी आदल्या दिवशीच सगळं बोलून बघितलं होतं, देवाच्या फोटोसमोर, सराव म्हणून. "सुरतेचा कारखाना मला पिशव्या विकायला देतोय, कमिशनवर. जळगाव जिल्हा पूर्ण माझ्याकडे. शिवायचं नाही, वीज नाही, सुट्या मजुरीची कटकट नाही. माल आला की पाठवायचा. मशीन घेऊन मी काय करू? उलट तेच अडचण होऊन बसेल."

"कधी ठरनं?"

"झाले की पंधरा दिवस. तुम्हाला सांगायचंच राहिलं."

शिलाई मशीनपाशी बसलेल्या बेबाबाईने माझ्याकडे पाहिलं. सुरतेचा कोणी माणूस तिने ह्या शेडमध्ये कधी पाहिला नव्हता. मला वाटलं आता ही काहीतरी बोलणार.

"हो ना आबा," बेबाबाई म्हणाली. "आम्ही पण सुटलो. मान मोडायची शिवून शिवून."

नाना आमच्या दोघींकडे आळीपाळीने बघत राहिले. ह्यांनी तोंड दाराकडे फिरवलं होतं.

"तू खोटं बोलस," नाना म्हणाले.

"मी कशाला खोटं बोलू?"

"मना गाळासाठे."

"तुमच्या गाळ्याचं मला काय माहीत नाना? काय झालं गाळ्याला?"

त्यांनी शेजारचा बोल्ट उगाच पुन्हा हलवून पाहिला. गाळ्याची गोष्ट त्यांनी माझ्यापासून लपवली होती. ती मला माहीत नाही असं धरल्याशिवाय त्यांची लाज राहत नव्हती. मी मशीन नको असल्याचा कागद पुढे केला. योगेंद्रने मजकूर पाठवला होता, ह्यांनी डेपोजवळून छापून आणला होता. नाना खिशात पेन शोधत राहिले. पेन वरच्या खिशालाच होता. मी तो काढून हातात दिला. त्यांनी सही केली, ओट्यावर कागद ठेवून. सिमेंट खरबरीत असल्याने पेन मध्येच कागदातून आरपार गेला, तेव्हा तेवढं अक्षर पुन्हा गिरवलं.

"मी तुले घरनी समजनू," ते म्हणाले.

"म्हणून तर, नाना," मी म्हटलं. पेन परत त्यांच्या वरच्या खिशाला लावला.

दोन दिवसांनी मी सुरतेच्या कारखान्याला खरोखरच फोन लावला. बोललेलं खरं करणं भाग होतं, नाहीतर नाना परत गाळा काढायला मोकळे. तिकडच्या माणसाने जिल्हा वगैरे काही दिला नाही. म्हणाला, माल उचला, विका, ठेवलेत तर जोखीम तुमची. नगामागे कमिशन सांगितलं, ते ऐकून मी दोनदा विचारलं. तेवढंच होतं. रोज बसून शिवणाऱ्या सगळ्याजणींना पुरेल एवढं ते नव्हतं. एका बेबाबाईचं कसंबसं निघालं असतं, तेही ती म्हणाली की अर्धा दिवस लाव, अर्धा दिवस मी दुसरीकडे बघते. बाकीच्या एकेक करून गेल्या. जाताना आपापली कात्री मागून घेतली. कात्र्या शेडच्याच होत्या, तरी मी नाही म्हटलं नाही. शिलाई मशीनं अजून उभी आहेत, झाकून.

पहिला माल आला तेव्हा थंडी चांगलीच होती. हमालाने गठ्ठे ओट्यावर टाकले, कारण तीच जागा कोरडी आणि उंच. पहिलाच गठ्ठा बोल्टवर बसला आणि फाटला. आतल्या पिशव्या बाहेर आल्या. पांढऱ्या, बिनशिवणीच्या. मी एक हातात घेऊन कड ओढून पाहिली. चांगली होती. मी ज्या मशीनसाठी ओटा घातला त्याच्यासारख्याच कुठल्यातरी मशीनमधून निघालेली.

नाना त्या दिवशी आलेले होते. हल्ली येतात, ह्यांच्या गाडीने, काम नसताना. त्यांचा माल सुटला, पण आता त्यांचा प्रत्येक कंटेनर उघडतात. त्यांनी नवीन मागवणं थांबवलं आहे. गाळा आहे. त्यात बसतात. फाटलेला गठ्ठा त्यांनी पाहिला, बोल्ट पाहिले.

"लोखंड कापानी करवत शे का?"

"राहू द्या नाना. मी गवंड्याला सांगते."

"गवंडी कसाले? मी शे ना," नाना सवयीने बोलून गेले. मग माझ्याकडे न बघता बाह्या वर सारायला लागले.

करवत समोरच्या चटईवाल्यांकडून आणली. नाना ओट्यावर मांडी घालून बसले, कानबाईच्या पाटावर बसतात तसे, आणि कापायला लागले. बोल्ट थरथरायला लागला, पातं सटकायला लागलं. मी समोर बसून बोल्ट वरून धरला.

"घट्ट धर," नाना म्हणाले. "सरळ रोवेल शेत, कटस नही लवकर."

बेबाबाई फाटका गठ्ठा शिवत होती. त्या शेडमध्ये शिवायला तेवढंच उरलं होतं. हे दारात उभे होते, गाडीची वेळ झाली तरी जात नव्हते. करवतीचा आवाज पत्र्यांत घुमत होता आणि लोखंडाचा भुगा माझ्या पदरावर पडत होता. पहिला बोल्ट तुटून माझ्या हातात आला तेव्हा घासून घासून भाजेल इतका तापला होता. नानांनी दुसऱ्याकडे सरकून बसत करवत लावली आणि मान वर न करता हात पुढे केला, तुकडा मागायला. मी तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी मूठ मिटली.